काकांचा वीस वर्षं बंद असलेला ॲम्प्लिफायर: चालू करून बघू, की सगळे कपॅसिटर बदलून घेऊ?

आत्ता तरी दोन्ही नको. (कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारा सर्किटमधला सुटा भाग.)

1970 च्या दशकातला ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि स्पीकरची जोडी घरी आली की प्लग लावायला हात शिवशिवतात, हे मी जाणतो. माझा पहिला रील डेक (रिळांचा टेपरेकॉर्डर) मी असाच थेट लावला होता. दोन मिनिटांत खोलीभर उग्र धूर! मेन्सच्या वाटेवरच्या कागदी कपॅसिटरचं पारदर्शक कवच तडकून आत दमट हवा शिरली होती. बदलायला दहा मिनिटं पुरली असती, पण आधी बघितलंच नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा मागची व्होल्टेजची पाटी वाचा. जपानमधल्या ग्राहकांसाठी बनलेलं मशीन 100 व्होल्टचं असतं, ते 230 वर लावलं तर संपलंच. मग सिरीज लॅम्प: 60 ते 100 वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब (एलईडी चालत नाही) मशीनला येणाऱ्या विजेच्या वाटेत जोडायचा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर अजून जोडू नका. ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर मीटरने डीसी व्होल्टेज मोजा. पाचपन्नास मिलिव्होल्ट चालतील, आकडा व्होल्टमध्ये गेला तर वूफरचा (खर्जाचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) घात होईल. हे सगळं जमेलसं वाटत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडे न्या. बंद मशीनच्या कपॅसिटरमध्येही जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो.

आता कपॅसिटरचं. सरसकट सगळे बदलायच्या मी विरोधात आहे. आतलं द्रव सुकतं ते इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरचं. प्लास्टिकच्या पातळ थरांचे फिल्म कपॅसिटर बहुधा ठणठणीत निघतात. मोजा, खराब तेवढेच बदला, आणि काढलेला प्रत्येक भाग जागा लिहून पाकिटात ठेवा. व्हॉल्यूमची खरखर तर बऱ्याचदा नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

स्पीकरची जाळी काढून वूफरच्या कडेला हलकेच बोट लावा. फोम असेल तर त्याचा भुगा हातात येईल. घाबरू नका आणि स्पीकर भंगारात तर मुळीच देऊ नका! नवी कड चिकटवता येते, मूळ कोन (आवाज काढणारा पडदा) तोच राहतो. रबराची कड असेल तर बहुतेक शाबूत असेल.

टर्नटेबल पट्ट्यावर चालणारं असेल तर पट्टा सैल झालेला असणारच, तो स्वस्तातला भाग आहे. गॅरार्ड 301 सारखं रबरी चाकाचं असेल तर त्या चाकाला खाच पडली आहे का पाहा, नाहीतर गाण्याखाली धप धप ऐकू येतं. हलवताना प्लॅटर (रेकॉर्डखालची फिरती थाळी) आणि टोनआर्मचं (सुईच्या दांडीचं) वजन काढून वेगळं गुंडाळा.

दुरुस्तीनंतर महिन्यातून तासभर तरी वाजवा. आणि काकांच्या कपाटात सर्किटचा कागद सापडतो का बघा, मेकॅनिक खूश होईल.