शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक फिरवणाऱ्या) बाइकच्या स्प्लाइनला (एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांच्या जोडाला) ग्रीस कधी आणि कोणतं लावायचं?
फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्याचं, गिअर ऑइल बदललं की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण चाकाच्या बाजूच्या स्प्लाइनपर्यंत ते पोचतच नाही. होंडा एसटी १३०० सारख्या गाडीत टायर बदलायला मागचं चाक काढलंच आहे तर त्याच हाताने हेही उरकून टाका. साधं बेअरिंगचं ग्रीस नको, ते फिरून फिरून बाहेर फेकलं जातं, मॉली पेस्टच घ्या, म्हणजे ज्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड भरपूर असतं ती. आधी जुनं सगळं ब्रशने खरवडून साफ करायचं, आणि लालसर गंजासारखी पूड निघाली तर दाते कोरडे घासतायत समजा. टोकं धारदार झाली असतील तर पेस्टचा काही उपयोग नाही, पार्टच बदला. पेस्ट थापू नका, पातळ थर बास. ओ-रिंग (जोडावरची गोल रबरी सील) चपटी वाटली तर तीही नवीन टाका, स्वस्तातली वस्तू आहे.