छायाचित्रण : प्रश्न वाचकांचे – जुना डी ९० ठेवावा की नवा डी ७५०० घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून निकॉनचा डी ९० हा कॅमेरा आहे. सोबत १८–१०५ मिमीची किट लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ डी ही जुनी लेन्स आहे. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नसून छंद आहे. विष्णुदास भावे नाट्यमंदिरातील नाटके, मिरजेतील सतारमेकरांचे काम आणि पावसाळा संपता संपता कासचे पठार, असे माझे तीन विषय आहेत. डी ९० आता जुना झाला, तो विकून डी ५६०० किंवा डी ७५०० घ्यावा, असा भाच्याचा आग्रह आहे. नाटकाचे फोटो दाणेदार येतात ही माझी तक्रार खरी आहे, परंतु कासचे फोटो पाहून कॅमेरा जुना आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नवा कॅमेरा घेतल्यास नेमका कोणता फरक पडेल? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपल्या तीन विषयांत उजेडाची परिस्थिती पूर्णपणे वेगवेगळी असल्यामुळे या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर देता येणार नाही, प्रत्येक विषयाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढतो.

पहिली गोष्ट मेगापिक्सेलची. डी ९० ऑगस्ट २००८ मध्ये आला आणि त्याचा सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचा आहे. एप्रिल २०१७ मधील डी ७५०० चा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा आहे. हा फरक ऐकताना मोठा वाटतो, परंतु चित्राची रुंदी ४२८८ पिक्सेलवरून ५५६८ पिक्सेलवर जाते, म्हणजे वाढ सुमारे तीस टक्केच आहे. प्रदर्शनासाठी १२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढला, तर डी ९० च्या फाइलमधून दर इंचाला २३८ पिक्सेल मिळतात आणि हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला तेवढे पुरतात. फोटो बराच कापून वापरायचा असेल तर नव्या कॅमेऱ्याचा फायदा होईल, पण केवळ या कारणासाठी पैसे खर्च करू नयेत.

दुसरी गोष्ट डी ५६०० ची. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेला हा २४.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा वजनाला हलका आणि चित्राच्या दर्जात उत्तम आहे, परंतु त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. आपली ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालते. डी ९० आणि डी ७५०० या दोन्हींत ती मोटर आहे; डी ५६०० वर मात्र ही लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागेल. त्यातच त्याचा व्ह्यूफाइंडर आरशांचा असून चौकटीचा ९५ टक्के भागच दाखवतो, त्यामुळे अंधाऱ्या प्रेक्षागृहात हाताने फोकस साधणे फार कठीण जाईल. जी लेन्स आपल्याला नाटकाला सर्वांत जास्त उपयोगी आहे तीच जिथे लुळी पडते, तो कॅमेरा मी आपल्याला सुचवणार नाही. आता प्रश्न उरतो तो डी ९० आणि डी ७५०० यांचा.

नाटकापासून सुरुवात करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. डी ९० चा नेहमीचा आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) २०० ते ३२०० आहे आणि डी ७५०० चा १०० ते ५१,२००. ताणून तर तो १६,४०,००० पर्यंत जातो. माहितीपत्रकातले हे आकडे पाहून नवा कॅमेरा अंधारात कित्येक पट सरस असणार अशी समजूत होते. प्रत्यक्षात दोघांच्या रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या) फाइल समोरासमोर ठेवल्या, तर दाण्यांच्या बाबतीत डी ७५०० ची आघाडी साधारण एका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) आसपासच भरते. डी ९० वर १६०० आयएसओला जसे दाणे दिसतात, तसे नव्यावर ३२०० च्या आगेमागे दिसतील, इतकाच तो फरक आहे.

याच्या शेजारी लेन्सचा हिशेब मांडून पाहावा. आपली १८–१०५ लांब टोकाला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). ५० मिमीची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे तीन स्टॉपहून अधिक उजेड आत घेते. एखाद्या प्रवेशात एफ १.८, शटर १/१२५ आणि आयएसओ १६०० असे माप बसत असेल, तर तोच प्रवेश त्याच शटरला १८–१०५ च्या लांब टोकाने घेण्यासाठी सुमारे १६,००० आयएसओ लागेल. आपले फोटो दाणेदार येण्याचे मोठे कारण इथे असावे अशी माझी खात्री आहे, कारण नाटकाला जाताना झूमच्या सोयीसाठी किट लेन्स लावण्याकडेच सर्वांचा कल असतो. पुढच्या नाटकाला ५० मिमीच लावून बसावे. या लहान सेन्सरवर तिची चौकट ७५ मिमीच्या लेन्सइतकी आवळते, त्यामुळे पुढच्या रांगांतून एकदोन पात्रे व्यवस्थित भरतील. मागून घ्यायचे असल्यास ८५ मिमी एफ १.८ ही लेन्स शोधावी, तिची जुनी डी आणि नंतरची जी अशा दोन्ही आवृत्त्या आपल्या दोन्ही कॅमेऱ्यांवर चालतात.

मग नव्या बॉडीने रंगमंचावर काहीच साधत नाही का? साधते, आणि ते आयएसओपेक्षा महत्त्वाचे आहे. डी ९० मध्ये फोकसचे ११ बिंदू आहेत आणि त्यांपैकी आडव्या व उभ्या दोन्ही प्रकारच्या रेषा पकडणारा बिंदू मध्यभागी एकच आहे. पात्र डावीकडे उभे असेल तर एकतर दुबळ्या बिंदूवर विसंबावे लागते, नाहीतर मधल्या बिंदूने फोकस धरून चौकट सरकवावी लागते, आणि एफ १.८ वर तेवढ्या हालचालीत डोळे सोडून कानावर फोकस जातो. डी ७५०० मध्ये ५१ बिंदू आहेत, त्यांतले १५ दोन्ही दिशांच्या रेषा पकडतात, आणि मधला भाग डी ९० पेक्षा सुमारे दोन स्टॉप कमी उजेडातही काम करतो. शिवाय चौकटीतल्या सर्वांत उजळ भागावर मोजमाप बेतण्याची सोय त्यात आहे. काळ्या पडद्यासमोर झोतात उभ्या असलेल्या नटाचा चेहरा पांढराफटक होतो तो कॅमेरा पडद्याचा काळोख मोजतो म्हणून. ही सोय तो दोष बव्हंशी टाळते. डी ९० वर हेच काम स्पॉट मीटरिंग लावून, चेहऱ्यावर माप घेऊन आणि मॅन्युअल मोडवर राहून करता येते. त्यासाठी हात सरावलेला हवा, एवढेच.

मिरजेच्या कामाबाबत मात्र माझे मत नव्या कॅमेऱ्याकडे स्पष्टपणे झुकते. सतारमेकरांच्या खोलीत उजेड बहुधा दारातून येतो. कारागीर दाराशी बसून कानसीने जवारी काढत (सुरेल झंकारासाठी घोडी घासत) असतो, त्याच्या हातावर आणि घोडीवर लख्ख उजेड असतो, आणि मागे टांगलेले भोपळे, अर्धवट झालेल्या तंबोऱ्यांच्या दांड्या सगळ्या काळोखात असतात. डोळ्यांना हे दोन्ही एकाच वेळी दिसते, सेन्सरला दिसत नाही. डी ९० वर हातासाठी माप घेतले तर भोपळे काळे पडतात, आणि नंतर संगणकावर तो भाग उजळवू लागलो की लाकडाच्या तपकिरी रंगात लाल-हिरवे ठिपके उमटतात. डी ७५०० चा आयएसओ १०० पासून सुरू होतो, त्याची रॉ फाइल १४ बिटची आहे (डी ९० ची १२ बिटची), आणि कमी आयएसओला त्याचा सेन्सर उजेड-काळोखाचा सुमारे दीड स्टॉप जास्त पल्ला सांभाळतो. उजेडातल्या हातासाठी माप घेऊन काळोखातला भोपळा नंतर अलगद वर आणता येतो आणि त्याचा पोत शाबूत राहतो. नऊ वर्षांत सेन्सर खऱ्या अर्थाने कुठे सुधारला असे कोणी विचारले, तर मी अंधारातल्या दाण्यांपेक्षा या सावल्यांकडे बोट दाखवीन. ट्यूबलाइटखाली काम चालू असेल तर आणखी एक फायदा आहे : आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते आणि सलग काढलेल्या फोटोंत कमीजास्त उजेड येतो, ही लय ओळखून योग्य क्षणी शटर सोडण्याची सोय डी ७५०० मध्ये आहे.

कासबद्दल आपण स्वतःच लिहिले आहे की फोटोंना कोणी नावे ठेवलेली नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. भरपूर उजेडात, २०० आयएसओवर डी ९० आजही सुंदर रंग देतो. फरक दोन ठिकाणी जाणवेल. गेंदाची पांढरी फुले आणि शेजारची काळी ओली कातळजमीन एकाच चौकटीत आली की वर सांगितलेला दीड स्टॉप कामी येईल. दुसरे म्हणजे, डी ७५०० चा पडदा वर-खाली कलतो. सीतेची आसवे किंवा मिकी माउस यांसारखी बोटभर उंचीची फुले त्यांच्या पातळीवरून घ्यायची तर डी ९० घेऊन जमिनीवर आडवे व्हावे लागते. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गणल्या जाणाऱ्या या पठारावर तसे आडवे होणे म्हणजे आजूबाजूची रोपे चिरडणे आहे, आणि हे मी अत्यंत कळकळीने सांगतो की एकाही फोटोसाठी ते करू नये. कलता पडदा असला की पायवाटेवर उकिडवे बसून कॅमेरा तेवढा खाली धरता येतो. डी ७५०० च्या बॉडीला पाणी-धुळीपासून संरक्षण आहे, परंतु आपल्या १८–१०५ च्या माउंटला रबरी कडे नसल्यामुळे त्या जोडीने पावसात निर्धास्त राहू नये. धुक्यात आणि भुरभुर पावसात प्लॅस्टिकची पिशवी लागणारच.

व्हिडिओत तुलनाच होत नाही. डी ९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर असला तरी त्याचे चित्रण ७२० रेषांचे आणि एकेका तुकड्याला पाच मिनिटांचे आहे, बाहेरचा माइकही लावता येत नाही. सतारीचा आवाज टिपायचा असेल तर डी ७५०० ला माइक लावता येतो.

माझा सल्ला असा. आधी ५० मिमी लावून, रॉ फाइलमध्ये एक पूर्ण नाटक घ्यावे आणि त्या फाइल निकॉनच्या मोफत मिळणाऱ्या एनएक्स स्टुडिओमध्ये किंवा आजच्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात. दाणे कमी करण्याचे तंत्र २००८ नंतर इतके पुढे गेले आहे की जुन्या फाइलही नव्याने चांगल्या निघतात. तेवढ्याने समाधान झाले तर पैसे ८५ मिमीच्या लेन्सवर खर्च करावेत. मिरजेचे काम आपल्याला जास्त जवळचे असेल, तर डी ७५०० जरूर घ्यावा. मात्र डी ९० विकू नये. त्याला येणारी किंमत फारशी नसेल, आणि एकावर ५० मिमी व दुसऱ्यावर १८–१०५ असे दोन कॅमेरे गळ्यात असले की धुळीत लेन्स बदलण्याची वेळ येत नाही. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत, एवढे लक्षात ठेवावे. मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळण्याचा विचार असेल तर हेही ध्यानात घ्यावे की जुन्या लेन्स त्यांना जोडणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे आपल्या डी लेन्सची तिथेही डी ५६०० सारखीच गत होईल.

प्रश्न : लग्नाची कामे करणाऱ्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराचा वापरलेला डी ७५०० मला मिळत आहे. घेताना काय तपासावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : प्रथम शटर किती वेळा चालले आहे ते पाहावे. स्वतःचे कार्ड घालून एक फोटो काढावा. निकॉनच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो आणि संगणकावर एक्झिफ (फोटोसोबत साठवलेल्या नोंदी) वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने तो दिसतो. डी ७५०० चे शटर १,५०,००० वेळांच्या चाचणीतून गेलेले आहे (डी ९० चे १,००,०००). लग्नाच्या कामातला कॅमेरा हा आकडा लवकर गाठतो, म्हणून लाखाच्या पुढे गेलेला असेल तर किंमत त्या मानाने कमी करून मागावी. पुढे एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन सेन्सरवरचे डाग पाहावेत, झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो घेऊन जळालेले पिक्सेल पाहावेत, आणि कलता पडदा प्रत्येक कोनात नीट दिसतो ना ते पाहावे. बॉडीतली मोटर तपासण्यासाठी एखादी डी लेन्स सोबत न्यावी, कारण स्वतःची मोटर असलेल्या नव्या लेन्सवर बॉडीतली मोटर बिघडली असली तरी कळत नाही. मूळ बिलावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी जुळवावा. सोबत लेन्स देत असतील तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे बघावे. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळी हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते, आणि बुरशी लागलेली लेन्स फुकट मिळाली तरी बाकीच्या लेन्सच्या पेटीत ठेवू नये.

प्रश्न : मायणीच्या तलावावरचे पक्षी घेण्यासाठी मी माझ्या डी ९० ला एएफ-पी ७०–३०० ही लेन्स घेतली, पण फोकस अजिबात होत नाही, हातानेही नाही. लेन्स बिघडली आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लेन्स बहुधा ठीक आहे. एएफ-पी लेन्समधील फोकस पूर्णपणे विजेवर चालतो, कडे फिरवले तरी आतली काच कॅमेऱ्याच्या आज्ञेशिवाय हलत नाही, आणि डी ९० ला ती आज्ञा देता येत नाही. ही लेन्स डी ७५०० आणि डी ५६०० वर व्यवस्थित चालते. दुकानदार परत घेत असेल तर त्याऐवजी २००६ मधील एएफ-एस ७०–३०० एफ ४.५–५.६ व्हीआर ही लेन्स घ्यावी; ती डी ९० वर चालते आणि पुढे बॉडी बदलली तरी चालत राहील. पक्ष्यांसाठी अनेकजण २००–५०० एफ ५.६ ई ही लेन्स सुचवतात, तिच्याबाबतही सावध असावे. नावातला ई म्हणजे तिचे छिद्र विजेने लहानमोठे होते, आणि डी ९० वर ते पूर्ण उघडेच राहते. फोकस होईल, फोटो निघेल, पण एफ ८ वर जाता येणार नाही. उडत्या पक्ष्यांचे फोटो हाच आपला मुख्य छंद असेल, तर सेकंदाला ४.५ ऐवजी ८ फोटो आणि ५१ बिंदूंचा फोकस देणारा डी ७५०० आपल्या पहिल्या पत्रलेखकापेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल, आणि तो घेणार असाल तर आज हाती असलेली एएफ-पी लेन्स परत करण्याचे कारण नाही.