लॅटिनमधल्या ‘फेरो’ या क्रियापदाचा अर्थ काय आणि त्याची रूपं इतकी वेगवेगळी का?

तुमच्या पुस्तकात ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम’ अशी एकाच क्रियापदाची चार रूपं (वर्तमानकाळ, ‘-णे’चं रूप, भूतकाळ आणि ‘-लेलं’चं रूप) दिली आहेत आणि ‘फेरो’चं ‘तुली’ कसं झालं, असं तुम्ही विचारलंय. खरं तर ते झालेलं नाही. हे मुळात दोन वेगळे धातू आहेत, पुढे ते एकाच क्रियापदात नांदायला लागले. आपणही रोज ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेलो’ म्हणतो. ‘जा’ आला संस्कृत ‘याति’वरून, ‘गेलो’ आला ‘गत’वरून. ‘येतो’ आणि ‘आलो’ यांचंही तसंच. सतत तोंडात असणाऱ्या क्रियापदांतच हे जास्त घडतं.

अर्थ आधी सांगतो: वाहून नेणे, आणणे, आणि त्यावरूनच सोसणे.

‘फेर्’ हा धातू म्हणजे आपला ‘भृ’. संस्कृत आणि लॅटिन ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला ‘भ’ संस्कृतने जपला, लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला त्याचा ‘फ’ झाला. म्हणून इथे भ्रातृ, तिथे ‘फ्रातेर’. आता वर्तमानकाळ शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा.

फेरो, फेर्स, फेर्त. फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त.
भरामि, भरसि, भरति. भरामः, भरथ, भरन्ति.

मला ही दोन ओळींची जोडी फार आवडते. शाळेत रूपं घोकलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजवावं लागत नाही. लॅटिनमध्ये ‘फेर्स’, ‘फेर्त’, ‘फेर्तिस’ यांत मधला स्वर नाही, एवढंच खटकतं, कारण नेहमीच्या क्रियापदांत तो असतो (लेगिस म्हणजे तू वाचतोस, लेगित म्हणजे तो वाचतो). पण ऋग्वेदात ‘भरति’बरोबर ‘भर्ति’ही सापडतं, आणि ‘फेर्त’ त्याच्या अगदी जवळचं आहे. ‘फेर्रे’तला दुहेरी ‘र’ही असाच समजतो: मूळ प्रत्यय ‘से’, तो ‘र’ला चिकटला आणि ‘फेर्से’चं ‘फेर्रे’ झालं. आज्ञार्थ नुसता ‘फेर’, म्हणजे ‘आण’. अपूर्ण भूतकाळ ‘फेरेबाम’ आणि भविष्यकाळ ‘फेराम, फेरेस, फेरेत’ सरळ आहेत, तिथे अडायला होणार नाही.

‘तुली’चा धातू उचलण्याचा, पेलण्याचा. संस्कृत ‘तुला’ आणि आपलं ‘तोलणे’ त्याच घरातले. जुना रोमन नाटककार प्लाउटुस याच्या नाटकांत याचं जुनं रूप ‘तेतुली’ असं मिळतं. म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा, जसं संस्कृतात ‘भृ’चं लिट् लकारात, म्हणजे एका भूतकाळात, ‘बभार’ होतं. पुढे ते पहिलं अक्षर गळलं आणि ‘तुली, तुलिस्ती, तुलित, तुलिमुस, तुलिस्तिस, तुलेरुन्त’ राहिलं. ‘लातुम’ही याच धातूचं, मूळ ‘त्लातुम’. सुरुवातीचा ‘त्ल’ लॅटिनला पेलेना, ‘त’ गेला. त्यामुळे चार रूपांत धातू दोनच.

हे साम्य पाहायला युरोपात जावं लागलं नाही, याचं मला अप्रूप वाटतं. क्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्यातून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते असं नोंदवलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाचं कोलकात्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, आणि क्रियापदांची रूपं पद्धतशीरपणे जुळवणारा जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बोपचा ग्रंथ १८१६ चा.

कर्मणीत ‘फेर्तुर’ दिसलं की ‘वाहिलं जातं’ एवढ्यावर थांबू नका. कथा-इतिहासात त्याचा अर्थ बहुधा आपल्या ‘म्हणे’सारखा असतो: असं सांगतात की…

चारही रूपं एका दमात पाठ करा, कारण उपसर्ग लागले की सगळी बदलतात. ‘त्रान्सफेरो, त्रान्सतुली, त्रान्सलातुम’ हे पलीकडे नेणं. इंग्रजीतले ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट दोन्ही यातूनच निघाले. सर्वात फसवं ‘औफेरो, अब्स्तुली, अब्लातुम’, म्हणजे हिरावून नेणे. वाचताना ‘अब्लातुस’ (हिरावून नेलेला) भेटला तर कोशात तो ‘औफेरो’खाली शोधा.