आठवड्यातून तीनच दिवस जिमला जाता येतं. फुल बॉडी वर्कआउटने मसल वाढतील का? रूटीन कसं आखावं?

वाढतात. माझे वाढले, तेही दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या नोकरीत. तुम्ही लिहिलंय की तुमच्या जिममधले सर म्हणतात, "सहा दिवस देता येत असतील तरच मसलचं बोला." हेच वाक्य मीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी चाकणला एका कारखान्यात आहे. फर्स्ट, सेकंड, नाईट असं चक्र. जिम लावली तेव्हा वजन 57 किलो होतं. सरांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरचा तक्ता दाखवला: सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी ट्रायसेप्स, शनिवारी लेग. सात महिने जमेल तसं केलं. वजन 58. तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्यात डेडिकेशन नाही." नाईट संपवून, तीन तास झोपून जिमला येणाऱ्या माणसाला असं म्हणावं? मला ते आजही सहन होत नाही.

कारखान्यात मशिनची नोंद ठेवायची सवय, त्यामुळे व्यायामाचीही वही होती. त्या रात्री ती घेऊन मोजत बसलो. तीस आठवड्यांत चेस्ट 23 वेळा, बॅक 17 वेळा आणि पाय 6 वेळा. शनिवार कधी ओव्हरटाइममध्ये जायचा, कधी गावाला. तक्त्यात प्रत्येक स्नायूला आठवड्यातून एकच वार, आणि तो हुकला की पुढची पाळी थेट चौदा दिवसांनी! व्यायामानंतर स्नायू बांधायचं काम शरीरात साधारण एक-दोन दिवसच जोरात चालतं, मग ते नेहमीच्या गतीवर येतं. म्हणजे माझे पाय तीस आठवड्यांतले बहुतेक दिवस नुसते बसून होते. दोष डेडिकेशनचा नव्हता, तक्त्याचा होता.

पुढच्या महिन्यापासून आठवड्याला तीन दिवस, तिन्ही दिवशी सगळं अंग. एखादा दिवस बुडाला तरी प्रत्येक स्नायूला दोनदा काम मिळतंच.

दोन दिवसांचे व्यायाम आखा आणि आठवड्याच्या तीन दिवसांत ते आलटून पालटून करा. पहिल्या दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस, बारबेल रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं), शेवटी बायसेप्स. दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कंबरेतून झुकत रॉड खाली-वर नेणं), शोल्डर प्रेस, लॅट पुलडाउन (मशिनचा दांडा वरून छातीकडे ओढणं; पुलअप जमत असतील तर तेच), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं). प्रत्येकाचे तीन सेट (म्हणजे तीन फेऱ्या), एका सेटमध्ये 8 ते 12 रेप, म्हणजे तो व्यायाम सलग तितक्या वेळा. सेट अशा ठिकाणी थांबवा की अजून एक-दोन रेप निघाल्या असत्या. तिन्ही सेटमध्ये 12 निघायला लागल्या की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवा आणि पुन्हा 8 पासून वर या. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसा, घाई करू नका. पायांचा मोठा व्यायाम कायम आधी, कारण शेवटी ठेवला की तो राहतोच. वही लिहा. वही नसेल तर उचलायचं वजन वाढतंय की नाही हे तुम्हाला कळणारच नाही.

अकरा महिन्यांत माझा स्क्वॉट 40 वरून 85 किलोवर गेला आणि वजन 64 झालं. वही घेऊन मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "नवीन माणसाचं काहीही केलं तरी वाढतं." मग पहिल्या सात महिन्यांत मी काय जुना होतो? फुल बॉडी म्हणजे नवशिक्यांचं काम, असंही ते म्हणाले. अमेरिकन बॉडीबिल्डर स्टीव्ह रीव्हज 1950 साली मिस्टर युनिव्हर्स झाला, तो आठवड्यातून तीन दिवस सगळं अंग घ्यायचा. आणि आपल्याकडे तालमीत जोर-बैठका मारणारा पैलवान "आज छाती, उद्या पाठ" असं कधी करतो का? मी जिम बदलली. वर्षाची फी भरलेली होती, पाच महिन्यांचे पैसे बुडाले. त्याचं वाईट वाटलं नाही.

खाण्याचं थोडक्यात: वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन. 60 किलोच्या माणसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा, 100 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पन्नासच्या वर. नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठणं अवघड आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सहा दिवसांचा स्प्लिट, म्हणजे रोज वेगळा स्नायू घेणारा तक्ता, वाईट नाही. ज्याला खरोखर सहा दिवस मिळतात, ज्याचा प्रत्येक स्नायू आठवड्यातून दोनदा येतो, त्याचंही उत्तम वाढतं. आठवड्याला एकूण किती चांगले सेट झाले, यावर बरंचसं ठरतं. आणि कंबरेत गादी सरकलेली असेल, बीपी असेल किंवा गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्क्वॉट-डेडलिफ्टला हात लावू नका. पहिले दोन आठवडे रिकाम्या रॉडवरच काढा, शेजारचा कितीही उचलत असला तरी.

सरांना मात्र स्पष्ट सांगा: माझ्याकडे तीन दिवस आहेत, त्यात काय बसतं ते आखून द्या. आखून दिलं नाही, तर वरचं लिहून घ्या आणि सोमवारी स्क्वॉटपासून सुरू करा.