बोल्टसुद्धा ऑर्डरप्रमाणे मोजून देताय? मग स्टॉक जुळणार कसा

सॅपमध्ये (कंपनीचा स्टॉक आणि ऑर्डरी सांभाळणारी सिस्टीम) प्रॉडक्शन सप्लाय एरियात, म्हणजे लाइनशेजारी माल ठेवायच्या जागेत, माल दिसतोय पण लाइनवर बिन (मालाचा कप्पा) रिकामा, उलट काही पार्ट मायनसमध्ये गेलेत, तर सेटिंग कुठे चुकलं असेल असं तुम्ही विचारलंय. आणि त्यातच खाली सहज लिहून गेलात की सगळ्याच मटेरियलला कंट्रोल सायकलमध्ये, म्हणजे कोणता माल लाइनवर कसा पोचवायचा त्या सेटिंगमध्ये, पिक पार्ट (ऑर्डरप्रमाणे मोजून देणं) लावलंय. माझ्या मते अर्धं दुखणं तिथेच आहे.

सॅपचं गोदाम सांभाळणारं जुनं डब्ल्यूएम (वेअरहाउस मॅनेजमेंट) धरून बोलतो, नव्या ईडब्ल्यूएममध्ये स्क्रीन बदलतात पण विचार तोच. एलपीके१ या स्क्रीनमध्ये मटेरियल आणि सप्लाय एरियाची जोडी लावताना स्टेजिंगचा (माल लाइनवर पोचवायचा) प्रकार द्यावा लागतो. १ म्हणजे पिक पार्ट, एका प्रॉडक्शन ऑर्डरला जेवढं लागतं तेवढंच काढायचं, ते एलपी१० या ट्रान्झॅक्शनमधून. २ म्हणजे क्रेट पार्ट, यात ऑर्डरचा संबंधच नाही, क्रेट संपला की अख्खा भरलेला क्रेट मागवायचा, एलपी११. ३ म्हणजे रिलीज ऑर्डर पार्ट, रिलीज झालेल्या (कामाला सोडलेल्या) बऱ्याच ऑर्डरींची गरज एकत्र करून एरियात आधीच पडलेला स्टॉक त्यातून वजा करून उरलेलं मागवायचं, एलपी१२. शिवाय कानबान वेगळं, त्यात रिकामा डबा हीच माल मागवायची खूण.

आता बोल्ट घ्या. खोक्यात ५०० येतात, ऑर्डरला लागतात ४८. स्टोअरचा माणूस ४८ मोजत बसतो, ट्रान्सफर ऑर्डर (माल हलवायचा सिस्टीममधला आदेश) कन्फर्म करतो, लाइनवर एक खाली पडला की ऑपरेटर शेजारच्या ऑर्डरच्या डब्यातून उचलतो, कोणी नोंद करत नाही आणि करावी अशी अपेक्षापण धरू नये. आठवडाभरात कुठल्याच ऑर्डरचा आकडा खरा राहत नाही. असल्या स्वस्त, सतत लागणाऱ्या वस्तू क्रेट पार्ट किंवा कानबानमध्ये टाका. कानबानला किती डबे लागतील त्याचा हिशोब सोपा आहे: तासाला १२० लागतात, भरून यायला २ तास, वर २५ टक्के राखीव, म्हणजे ३०० नग, आणि डब्यात १०० बसत असतील तर ३ डबे. फक्त भरून यायचा वेळ प्रामाणिकपणे धरा, फोर्कलिफ्ट दुसरीकडे अडकलेली असते तो वेळपण त्यात आला पाहिजे, कागदावर अर्धा तास लिहिला की लाइन उभी राहणारच.

पिक पार्ट ठेवायचं कशाला, तर महाग, मोठे, किंवा बॅच-सिरियल ट्रॅक करायचे पार्ट. कोणत्या ऑर्डरला कोणती बॅच गेली हे नंतर सांगावं लागणार असेल तिथे ऑर्डरप्रमाणेच द्या, मोजायचा त्रास तिथे वसूल होतो. मधले जे उरतात, बऱ्याच ऑर्डरींत लागणारे पण खोकंभर नको असलेले, ते रिलीज ऑर्डर पार्टला. पण एलपी१२ चालवताना किती पुढच्या ऑर्डरी धरताय ते बघा, नाहीतर प्लॅनिंगवाल्यांनी आठवड्याभराच्या ऑर्डरी एकदम रिलीज केल्या की सगळा माल एकाच सकाळी लाइनशेजारी येऊन बसतो आणि ट्रॉली वळवायला जागा राहत नाही, मग लोक तो परत स्टोअरला ढकलतात आणि सिस्टीममध्ये तो लाइनवरच राहतो. ‘सिस्टीममध्ये आहे, जागेवर नाही’ ची अशीपण सुरुवात असते!

मायनसचं बोलायचं तर आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे वेळ. माल लाइनवर पोचलाय, वापरून झाला, ऑपरेशन कन्फर्म झालं, बॅकफ्लश (वापरलेला माल सिस्टीमने आपोआप वजा करणं) बसला, आणि ट्रान्सफर ऑर्डर मात्र शिफ्टच्या शेवटी एकगठ्ठा कन्फर्म होते. मधल्या वेळात मायनस दिसणारच. स्टँडर्डमध्ये प्रॉडक्शन सप्लायचा स्टोरेज टाइप १०० असतो आणि तो मायनस चालवून घेतो म्हणून कोणाला एरर येत नाही, सगळं छान चाललंय असं वाटतं. त्यावर उपाय सेटिंगमध्ये शोधू नका, माल लाइनवर उतरवतानाच स्कॅन झाला पाहिजे.

दुसरी जास्त चिवट. कंट्रोल सायकलमध्ये ठरलेला बिन आहे की डायनॅमिक, म्हणजे ऑर्डर नंबरचा, ते बघा. माल एका बिनवर उतरवला आणि बॅकफ्लश दुसऱ्या बिनवरून वजा करतोय असं झालं तर एकीकडे प्लस आणि दुसरीकडे मायनस साठत जातो, ते आपोआप कधीच भेटत नाहीत. बिनचा डेटा ऑर्डरच्या कंपोनंटवर उतरतो, त्यामुळे तुम्ही आज कंट्रोल सायकल बदलली तरी आधी बनलेल्या ऑर्डरी जुन्याच बिनवर चालू राहू शकतात. म्हणून बदल मटेरियलच्या छोट्या गटाने करा, त्या गटाच्या चालू ऑर्डरी आधी संपवा. सगळं एका रविवारी उलटवायच्या भानगडीत पडू नका, सोमवारी कोणता घोळ जुना आणि कोणता नवा ते कळणार नाही.

उरलेल्या मालाची परत नोंद आणि स्क्रॅप यावर फार लिहीत नाही, बीओएममध्ये (एका नगाला लागणाऱ्या पार्टच्या यादीत) ४ आहेत आणि प्रत्यक्षात मोडतोड धरून जास्त जातात तर कंपोनंट स्क्रॅपचा टक्का भरा, एवढंच. मात्र कोजी (सीओजीआय, सॅपमधली अडकलेल्या एंट्रींची यादी) रोज उघडून बघणारा एक माणूस नावानिशी नेमा. बॅकफ्लशच्या अडकलेल्या एंट्री तिथे पडून असतात, आणि त्या पडून आहेत तोवर सप्लाय एरियात वापरून संपलेला मालपण शिल्लक दिसतो, मग एलपी१२ म्हणतं माल आहे, मागवायची गरज नाही. तुमचा रिकामा बिन बहुतेक यातलाच असेल.

आता एक सांगा, तुमच्याकडे कन्फर्मेशन प्रत्येक ऑपरेशनला होतं की फक्त शेवटच्या? आणि मायनस दिसतोय तो ठरलेल्या बिनवर की ऑर्डर नंबरच्या बिनवर? एखाद्या पार्टची दोन दिवसांची मूव्हमेंट इथे टाकलीत तर नेमकं बोलता येईल.