स्कॉटलंडमध्ये पोलिसांकडे वॉरंट असेल, तर डॉक्टरी झडतीला नाही म्हणता येतं का?

तुमचा भाचा ग्लासगोत शिकतो, त्याच्या रूममेटला ड्रग्जच्या संशयावरून पकडलं आणि ‘वॉरंट आहे, आता डॉक्टर तपासतील’ असं सांगितलं, म्हणून तुम्ही विचारलंय. मी इथे फौजदारी वकिलांच्या ऑफिसात काम करते.

नाही म्हणता येतं. पण आधी वॉरंट कशाचं आहे ते वाचायला हवं. घरझडतीच्या वॉरंटवर शरीराच्या आत तपासता येत नाही. त्यासाठी प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे इथला सरकारी वकील, शेरीफकडे वेगळा अर्ज करतो. (शेरीफ म्हणजे इथे न्यायाधीश, पोलिस नव्हे.) अटकेनंतर बोटांचे ठसे, तोंडातला स्वॅब यांना मात्र १९९५ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याखाली वॉरंट लागतच नाही, आणि वाजवी बळही वापरता येतं. तिथे अडून बसू नये.

आता खरी गोष्ट. वॉरंट पोलिसांना परवानगी देतं, डॉक्टरला हुकूम देत नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या संघटनेची, भूमिका स्पष्ट आहे: माणसाची संमती नसेल तर डॉक्टरने अशी अंतर्गत झडती घेऊ नये, हातात वॉरंट असलं तरी. म्हणून तपासणीच्या खोलीत डॉक्टर आधी विचारतो, ‘तुमची हरकत आहे का?’ तिथे ‘हो, हरकत आहे’ एवढं मोठ्याने, स्पष्ट सांगायचं. गप्प राहिलं तर त्याचा अर्थ दुसरे लावतात.

म्हणजे वॉरंट कुचकामी असतं असं समजू नका. १९६८ च्या हे (Hay) नावाच्या आरोपीच्या खटल्यात अटकेआधीच शेरीफच्या वॉरंटवर संशयिताच्या दातांचे ठसे घेतले होते, आणि हायकोर्टाने तो पुरावा ग्राह्य धरला. पण मर्यादाही आहे: जर्मनीतल्या यालोह प्रकरणात नाकातून नळी घालून जबरदस्तीने ओकारी काढली होती; २००६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती अमानुष वागणूक ठरवली. इथल्या पोलिसांनाही युरोपीय मानवाधिकार कराराच्या चौकटीतच वागावं लागतं.

तोंडाने नकार देणं वेगळं आणि हात झटकणं, ढकलणं वेगळं. दुसऱ्यात पोलिसांना अडथळा आणल्याचा स्वतंत्र गुन्हा लागू शकतो, तो टाळाच. त्या मुलाला सांगा: सॉलिसिटर, म्हणजे वकील, मागायचा, खासगीत बोलायचं, मगच डॉक्टरला उत्तर द्यायचं. ठाण्यात आणलेल्या प्रत्येकाचा तो हक्क आहे. वॉरंटच चुकीचं वाटलं, तर त्याला हायकोर्टात आव्हान देता येतं. ते काम वकिलाचं, मुलाने तिथे वाद घालू नये.