गर्व, अभिमान आणि लीनता: प्रवचनात कोणता शब्द कुठे?

ठाण्यातून एका वाचकांनी विचारले आहे: चर्चच्या यूथ ग्रुपपुढे प्रायश्चित्तकाळात मराठीतून दहा मिनिटे बोलायचे आहे, विषय ‘प्राइड आणि ह्युमिलिटी’. टिपणे इंग्रजीत, गाणी हिंदीत, वाचने मराठीत. प्राइडला गर्व म्हणायचे, अभिमान की अहंकार? ह्युमिलिटीला नम्रता, लीनता की दीनता? सोबत दोन वाक्ये तपासायला पाठवली आहेत: ‘देव अभिमानी लोकांचा विरोध करतो आणि दीनांवर कृपा करतो’ आणि ‘लीनता म्हणजे स्वतःला कमी लेखणे’.

पापासाठी गर्व आणि सद्गुणासाठी लीनता, एवढे धरून चालले तर प्रवचन बिघडणार नाही. घोटाळा होतो तो हिंदीमुळे.

मराठीत गर्व हा मुळात वाईटच. ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण आहे, ‘अभिमानाचे घर खाली’ अशी नाही. अभिमान चांगला असतो: देशाभिमान, स्वाभिमान, भाषेचा अभिमान. तो वाईट म्हणायचा झाला तर मराठी माणूस त्याला ‘दुर्’ जोडून ‘दुरभिमान’ करतो, किंवा आधी ‘वृथा’, ‘फाजील’ असे काहीतरी लावतो. हिंदीत ‘गर्व’ छाती फुगवून सांगता येतो, आणि ‘अभिमान’ भक्तिपर भाषेत बहुधा दोष म्हणून येतो. याकोबाच्या पत्रातले वचन (4:6) हिंदी बायबलमध्ये ‘अभिमानियों’ आणि ‘दीनों’ असे आहे. तेच बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी आवृत्तीत ‘देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो’ असे आहे. तुमच्या पहिल्या वाक्यातले दोन्ही शब्द हिंदीतून जसेच्या तसे उतरले आहेत, आणि मराठीत दोन्ही चुकतात. ठाण्यात तलावपाळीवरच्या फलकांवर आताशा ‘आम्हाला गर्व आहे’ दिसते. तीही हिंदीचीच उधारी. फलकावर खपून जाते, प्रवचनात नाही. ज्या मुलांनी रस्त्यात ‘गर्व आहे’ कौतुकाने वाचले, त्यांना चर्चमध्ये ‘गर्व हे पाप’ ऐकवायचे असेल तर आधी अर्धा मिनिट हा फरक सांगून टाका.

प्राइड दिसला की गर्व, असे मात्र डोळे मिटून करू नका. पौल करिंथकरांना लिहितो (1 करिंथ 1:31) तिथे मराठी बायबल म्हणते, ‘जो अभिमान बाळगतो त्याने परमेश्वराविषयी तो बाळगावा’. तिथे गर्व घातला तर देवाविषयी पाप करा असा अर्थ निघेल. चाचणी सोपी आहे. वाक्यात ‘मुलीच्या निकालाचा’ घालून पाहा. वाक्य गोड लागले तर अभिमान, खटकले तर गर्व.

अहंकाराचे प्रकरण वेगळे. रोजच्या बोलण्यात तो गर्वाच्या जवळ आहे, पण सांख्यदर्शनात अहंकार हे एक तत्त्व आहे: ‘मी’पण निर्माण करणारे. तिथे ते पाप नव्हे. ख्रिस्ती शिकवणीचा आक्षेप ‘मी’ असण्यावर नाही. देवाने निर्माण केलेला ‘मी’ स्वतःच्याच जोरावर उभा असल्यासारखा वागतो, त्यावर आहे. ‘अहंकार गळून पडला पाहिजे’ असे म्हणाल तर अर्धे श्रोते वेदान्तच ऐकतील. मदाचेही तसेच. षड्रिपूंमध्ये मद हा सहांतला एक, आणि तो कशाचा तरी चढतो: पैशाचा, विद्येचा, सत्तेचा. याउलट सहाव्या शतकात पोप पहिला ग्रेगरी याने सात मुख्य पापांची मांडणी केली तेव्हा गर्वाला त्या सातांच्या ओळीत बसवलेच नाही. तो सातांचे मूळ म्हणून वेगळा ठेवला. गर्व सातांतच मोजण्याची रीत नंतर रुळली. म्हणून ‘ख्रिस्ती षड्रिपू’ ही उपमा ऐकायला सोयीची असली तरी टाळलेली बरी.

ग्रेगरीने सातांत पहिला मान दिला तो पोकळ कीर्तीला, आणि इथे मराठी बायबलने फार सुंदर काम केले आहे. फिलिप्पैकरांस पत्रात (2:3) ग्रीक शब्द आहे केनोडॉक्सिया: ‘केनोस’ म्हणजे रिकामे, ‘डॉक्सा’ म्हणजे कीर्ती किंवा गौरव. मराठीत त्याला ‘पोकळ डौल’ म्हटले आहे, आणि तो डौल ‘मिरवायचा’ असतो. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रिअस या ख्रिस्ती संन्याशाने आठ दुष्ट विचारांची यादी केली, तिच्यात पोकळ डौल सातवा आणि गर्व आठवा. दोन वेगळे का? डौलाला बघणारे लागतात. बघणारे उठून गेले की तो ओसरतो. गर्वाला कोणी लागत नाही, तो बंद खोलीतही वाढतो. यूथ ग्रुपपुढे रील आणि लाइक यांची उदाहरणे देणार असाल तर ती डौलाची आहेत, गर्वाची नव्हेत. ‘इगो’ हा शब्द मुले वापरतातच, पण ‘त्याचा इगो दुखावला’ म्हणजे मराठीत मानभंग. तोही गर्व नव्हे.

आता लीनता. नम्रता चूक नाही, पण तो शब्द झिजला आहे. ‘नम्र विनंती, येथे वाहने लावू नयेत’, जयंतीच्या फलकावर ‘विनम्र अभिवादन’, अर्जाखाली ‘आपला नम्र’. तो आता शिष्टाचाराचा शब्द झाला. गर्विष्ठ माणूसही नम्रपणे बोलू शकतो. लीनता अजून देवळात आणि चर्चमध्येच राहते, म्हणून तिचे वजन टिकले आहे. मत्तय 11:29 मध्ये येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो, तिथे सौम्यता वागण्याची आणि लीनता आतली, असे दोन शब्द दोन कामे करतात. लीनतेत एक धोका आहे: ‘ब्रह्मात लीन’ म्हणजे मिसळून जाणे. ख्रिस्ती लीनतेत मिसळणे नाही. निर्माता आणि निर्मिती यांतले अंतर कायम राहते. हे एका वाक्यात सांगितले की पुरे.

दीन मात्र जपून. मत्तय 5:3 मध्ये ‘आत्म्याने दीन’ आहे, पण तिथला ग्रीक शब्द प्टोखोस, म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही असा, जवळजवळ भिकारी. लीनसाठी ग्रीकमध्ये तापेइनोस आहे. नुसते ‘दीन’ म्हटले की मराठी कानाला दीनवाणा चेहरा दिसतो. गंमत अशी की तापेइनोस हाही ग्रीकांमध्ये आधी बहुधा तुच्छतेचाच शब्द होता, खालच्या पायरीवरच्या, लाचार माणसासाठी. ख्रिस्ती लेखनात तो सद्गुणाचा झाला. आणि सोंगाची लीनताही असते. कलस्सैकरांस पत्रात (2:18, 23) पौल त्यापासूनच बनलेला ग्रीक शब्द दिखाऊ भक्तीसाठी वापरतो. तिला मराठीत साळसूदपणा हा नेमका शब्द आहे, तो जरूर वापरा.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आणि जकातदार यांच्या दाखल्याच्या शेवटी (लूक 18:14) स्वतःला उंच करणारा ‘नमवला जाईल’ आणि स्वतःला ‘नमवणारा’ उंच केला जाईल. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, मराठीतही. दुसऱ्याने नमवले तर हार, आपण होऊन नमलो तर लीनता. एकीकडे ‘नमवणे’ आणि दुसरीकडे ‘नम्र करणे’ असा बदल केलात तर वाक्याचा पीळ जातो.

आता तुमची वाक्ये. पहिल्यात शब्द बदलाच, शिवाय ‘लोकांचा विरोध करतो’ ही रचनाही हिंदीची (‘का विरोध’). मराठीत एखाद्याला विरोध करतात: ‘देव गर्विष्ठांना विरोध करतो’. दुसरे वाक्य शिकवणीच्याच दृष्टीने अडते. फिलिप्पैकरांस 2:3 दुसऱ्याला श्रेष्ठ मानायला सांगते, स्वतःला टाकाऊ मानायला नाही. रोमकरांस 12:3 योग्य त्याहून अधिक मानू नका म्हणते, म्हणजे मोजमाप बरोबर ठेवा. सोळाव्या शतकातली आविलाची संत तेरेसा तर लीनता म्हणजे सत्यात चालणे असेच म्हणते. ‘मी नालायक आहे’ हे सत्य नसेल तर ती लीनता नव्हे, न्यूनगंड आहे. ‘लीनता म्हणजे स्वतःला वाजवीपेक्षा जास्त न लेखणे’ असे लिहा. ‘कमी लेखणे’ हे परूश्यासाठी राखून ठेवा. लूक 18:9 प्रमाणे तो दाखला सांगितलाच आहे इतरांना कमी लेखणाऱ्यांना.